कॉलनीला लागून कंपनीचं मोठं ऑफिस येणार आहे, निम्मे लोक बाजूनं निम्मे विरोधात, मी विरोधाच्या निवेदनावर सही करू का?

सहीची घाई करू नका. आणि रविवारच्या मीटिंगमध्ये "ऑफिस पाहिजे का नको" असं हात वर करून मतदान तर बिलकुल होऊ देऊ नका. एकदा हात वर झाला की माणूस त्यालाच चिकटून बसतो, मग समोर नकाशा आणून ठेवला तरी बघत नाही, आणि इतकी वर्षं एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जाणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी समोरचीला बघून गेट लावून घेतात. आमच्या इथं हे झालंय म्हणून सांगायलोय.

तुम्ही लिहिलंय त्यातून मला समजलं ते असं की आपल्या छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासच्या आतल्या अंगाला तुमची रो-हाऊसची कॉलनी, तिला लागून अडीच एकराचा मोकळा प्लॉट, त्यावर पुण्याच्या एका कंपनीचं सात मजली ऑफिस येणार, ग्रुपवर रोज भांडणं, एक काका विरोधाचं निवेदन घेऊन दारोदार फिरायलेत आणि दुसरे काका म्हणायलेत की विकासाला विरोध करणारे करंटे. तर मी आधी हे विचारीन की "येणार" हे कुणी सांगितलं? नगररचना विभागात अर्ज पडलाय का, मंजूर झालाय का, का प्लॉटवाल्यानं भाव चढवायला पुडी सोडलीय? आपल्या शहरात कित्येक प्लॉट असे आहेत की कागदावर मॉल अन् जागेवर बाभळी, आणि लोक त्या मॉलवरून भांडून मोकळे झालेत.

म्हणून पहिलं काम कागद काढायचं. त्या जागेचा गट नंबर किंवा सर्व्हे नंबर शोधा, सातबारा नाहीतर पीआर कार्ड (शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा) बघा म्हणजे मालक कोण ते कळतं, मग महापालिकेच्या नगररचनातून झोन दाखला आणि भाग नकाशा (विकास आराखड्यातला तेवढ्याच जागेचा तुकडा, रस्ते आरक्षणं दाखवणारा) काढा. हे पैसे भरून मिळतं, यात उपकार कुणाचे नाहीत. अर्ज आलाय का आणि नकाशात काय दाखवलंय हे कुणी सांगत नसेल तर माहिती अधिकार टाका, 10 रुपयाचा स्टॅम्प, उत्तराची मुदत 30 दिवस. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, हे लोकांना माहीत नसतं, ते तीन पानं रामायण लिहितात आणि अर्ज परत येतो. कंपनी आतून छोटी छोटी ऑफिसं करून विकणार असेल तर प्रोजेक्ट महारेरावर (बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदवावा लागतो, तिथं घरबसल्या मंजूर नकाशे दिसतात. स्वतःच्या वापरासाठीच बांधणार असेल तर मात्र तिथं काही सापडणार नाही.

आता हे कागद कशासाठी, तर तुमच्या विरोधाला कायद्यात जागा आहे का नाही हे त्यावरच ठरतं, आणि नेमकं हेच कुणी ग्रुपवर बोलत नाही. समजा तो प्लॉट विकास आराखड्यात शाळा, मैदान, गार्डन असल्या कशासाठी आरक्षित आहे, तर तिथं ऑफिस बांधायला आधी आरक्षण उठवावं लागेल. नगररचना कायदा 1966 चा आहे, त्याच्या कलम 37 खाली असा बदल करायचा तर नोटीस काढून लोकांकडून हरकती सूचना मागवाव्या लागतात, एक महिना मिळतो, आणि तिथं तुमची सही सोन्याच्या भावाची आहे. शेपन्नास लोकांनी वेगवेगळे, आपापल्या शब्दात, कारण देऊन अर्ज टाका, एकाच निवेदनावर सगळ्यांच्या सह्या असल्या की ती एकच हरकत धरतात असा आमचा अनुभव. 2024 ला शहराचा नवा प्रारूप आराखडा आला तेव्हा हजारोंनी हरकती पडल्या होत्या, म्हणजे लोकांना हे जमत नाही असं नाही. एक खाच मात्र आहे. आराखडा लागू होऊन 10 वर्षं झाली आणि महापालिकेनं जागा घेतलीच नाही, तर मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यात पण भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप गळून पडतं. महापालिकेच्या तिजोरीत पैसा किती ते आपल्याला माहीतच आहे. त्यामुळं "तिथं तर मैदानाचं आरक्षण आहे" म्हणून निवांत बसू नका, ते जिवंत आहे का मेलंय ते बघा.

दुसरी शक्यता, तो तुकडा तुमच्याच जुन्या लेआऊटचा ओपन स्पेस आहे. एक एकराच्या आसपास किंवा मोठा लेआऊट असला की 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते आणि ती प्लॉटधारकांच्या वापराची असते, ती कुणाला ऑफिससाठी विकता येत नाही. अडीच एकर सगळाच ओपन स्पेस असेल असं वाटत नाही पण त्याची एखादी पट्टी आत ओढलेली असू शकते, म्हणून मंजूर लेआऊट काढून मोजणी करा. (आपल्याकडं गंमत अशी की कॉलनीचा स्वतःचा ओपन स्पेस आपणच मंदिर अन् सभामंडप बांधून संपवलेला असतो, आणि अतिक्रमणाच्या विरोधातली मीटिंग त्याच सभामंडपात भरते. आमची तिथंच भरली होती.)

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त, ती म्हणजे प्लॉट साधा रहिवासी झोनमध्ये आहे. आणि इथं निम्म्या लोकांचा गैरसमज असतो की रहिवासी झोन म्हणजे ऑफिस येऊच शकत नाही. येतं. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि थोडे भाग सोडून राज्यभर एकच बांधकाम नियमावली लागू आहे, लोक तिला युडीसीपीआर म्हणतात, त्यात दाट वस्तीच्या बाहेर रस्ता 12 मीटर म्हणजे चाळीस फुटी किंवा त्याच्या वर असला की तो प्लॉट आर-2 मध्ये धरतात आणि तिथं ऑफिसं चालतात. अशा केसमध्ये तुमच्या हरकतीसाठी नोटीस निघत नाही, सुनावणी नसते, आर्किटेक्ट नकाशा टाकतो, नियमात बसला की परवानगी मिळते. तुम्ही पाचशे सह्यांचं निवेदन दिलं तरी ते फाईलला लागेल आणि आवक नंबरचा शिक्का मारून एक प्रत तुम्हाला मिळेल, बस्स. म्हणून तिथं नुस्ता विरोध करण्यात आख्खी ताकद घालवू नका, अटींवर भांडा. कलम 45 मध्ये परवानगी अटी घालून देता येते असं स्पष्ट आहे.

पण त्या चाळीस फुटाकडं नीट बघा, खरी मेख तिथंच आहे. रस्त्याची रुंदी मोजताना आराखड्यातली धरतात, जागेवरची नाही. तुमच्या समोरचा रस्ता जागेवर पंचवीस फूट असेल, त्यात एक विजेची डीपी, दोन लिंबाची झाडं आणि कुणाच्या तरी घराच्या पायऱ्या असतील, पण आराखड्यात तो साठ फुटी दाखवलेला असला तर ऑफिसची परवानगी साठ फुटावर मिळणार. मग ते बाकीचे पस्तीस फूट कुठून येणार? तुमच्या अन् समोरच्याच्या कंपाऊंडमधून. 2025 च्या जूनमध्ये मुकुंदवाडीपासून पाडापाडी सुरू झाली आणि बायपास, पैठण रोड सगळीकडं जेसीबी फिरला ते आठवत असेल, रस्त्याला लागून ज्यांची दुकानं घरं होती त्यांना तेव्हा कळलं की कागदावरचा रस्ता कुठपर्यंत आहे. गंमत म्हणजे कॉलनीत ऑफिसच्या बाजूनं सगळ्यात जोरात बोलणारे बहुतेक समोरच्या लाईनीतलेच असतात, खाली गाळा काढू, वर पीजी करू म्हणून, आणि रुंदीकरणात पहिली भिंत त्यांचीच जाणार असते. त्यांना शिव्या देण्यापेक्षा भाग नकाशा प्रिंट करून त्यावर लाल पेनानं रस्त्याची रेष मारून दाखवा, निम्मा वाद तिथंच बसंल.

आमच्या इथलं सांगतो. सिडकोच्या बाजूला आम्ही राहतो, एका फायनान्सच्या कंपनीचं ऑफिस आलं, नाव घेत नाही. तेव्हा विरोधकांचं म्हणणं काय होतं तर बाहेरची पोरंपोरी येतील, संस्कार बिघडतील, रात्री अपरात्री धिंगाणा. आणि हे म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या खालच्या मजल्यावर नीट परीक्षेचे क्लासेस, वर कॉट बेसिसवर बीड परभणीची लेकरं. म्हणजे शांत रहिवासी भाग आपणच कधीचा मोडलाय, नाव मात्र कंपनीचं. समर्थकांचं म्हणणं की आपली पोरं पुण्याला जाणार नाहीत. ऑफिस झालं, ना संस्कार बिघडले ना पोरं पुण्याहून परत आली. आलं ते असं की सकाळी साडेनऊला कॉलनीतल्या गल्लीत दोन्ही बाजूला टू-व्हीलरच्या रांगा, गच्चीवरच्या एसीच्या मशिनीचा घुं आवाज, लाईट गेली की जनरेटर. ज्या गोष्टीवर मीटिंगमध्ये तीन तास भांडलो त्या झाल्याच नाहीत, आणि पार्किंगवर कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

त्यात एक काम मात्र चांगलं झालं. आमच्यात एक रिटायर्ड इंजिनिअर काका आहेत, पाटबंधारे खात्यातले, ते कुठल्याच गटात नव्हते, त्यांनी गुपचूप मंजूर नकाशा काढून आणला आणि दाखवलं की ऑफिसचं मागचं गेट आमच्या वीस फुटी बोळात उघडतंय. पुढचं गेट मोठ्या रस्त्यावर दिखाव्याला, सगळी ये-जा बोळातून. त्या एका गेटवर दोन्ही गट एक झाले. सहायक संचालक नगररचना आणि फायर ब्रिगेड दोघांना पत्र दिलं की या बोळात अग्निशमनची गाडी वळत नाही, तुम्ही स्वतः येऊन गाडी वळवून दाखवा. गेट नकाशातून निघालं. आजही तिथं भिंत आहे. तुमच्याकडं रविवारी एकच गोष्ट बघायची असेल तर हीच बघा, प्लॉटला तुमच्या आतल्या रस्त्याकडून दार आहे का.

नोकऱ्यांचं म्हणाल तर मी समर्थकांना एकदम खोटं पाडणार नाही. इंजिनिअरिंग झालेलं पोरगं शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सनं येतं, रविवारी रात्री नगर रोडनं परत जातं, वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये सोमवारची सकाळ होते, हे घराघरात आहे. चिकलठाण्याला एमआयडीसी, वाळूज, शेंद्रा, पुढं ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी, कारखाने भरपूर आले पण बसून करायची कामं आपल्याकडं त्या मानानं कमीच आली, म्हणून ऑफिस म्हटलं की आईबापाच्या डोळ्यात चमक येते ते मला कळतं. पण "80 टक्के स्थानिक" हे जे भाषणात सांगतात ते सरकारचं धोरण सवलती घेणाऱ्या उद्योगांसाठी आहे, आणि त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा रहिवासी, कॉलनीतला नव्हे. कोल्हापूरचा पण त्यात बसतो. तुमच्या गल्लीतल्यांना नक्की मिळणारं काम म्हणजे सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, डबे, चहाची टपरी, आणि ते पण ठेकेदाराकडून. ते काम कमी प्रतीचं असं मी म्हणत नाही, आमच्या मागच्या वस्तीतल्या बायांना त्यातून घर चालवता यायलंय. फक्त मीटिंगमध्ये कुणी हजार नोकऱ्या म्हणलं तर विचारा, कंपनीच्या पगारपत्रकावर किती आणि ठेकेदाराच्या किती.

आता पाणी. मराठवाड्यात हा मुद्दा खरं तर पहिला पाहिजे. आपल्या शहराला पाणी येतं जायकवाडी धरणातून, नव्या लाईनीची योजना 1680 कोटींची होती ती 2740 कोटींवर गेली, आणि एवढ्या वर्षात कित्येक भागात नळ आठ-आठ दहा-दहा दिवसाआड. बायपासच्या पलीकडं तर वर्षानुवर्षं टँकरच. ऑफिसला माणशी दिवसाला 45 लिटर पाणी धरतात, हा बांधकामाच्या संहितेतला आकडा आहे. हजार माणसं म्हणजे रोज 45,000 लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर धरला तर रोज चार पाच टँकर, तुमच्याच गल्लीतून. किंवा मग चारशे पाचशे फुटाचे बोअर. आपल्याकडं खाली काळा पाषाण, पाणी राहतं ते खडकाच्या भेगांत, एकानं खोल बोअर घेऊन दिवसरात्र मोटर चालवली की शेजारच्याचा आटतो, मे महिन्यात हे अनुभवलेलं प्रत्येकाच्या घरी कुणीतरी आहे. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तो काही फार जुना काळ नाही. म्हणून कंपनीला विचारा पाणी कुठून, आणि सांडपाणी शुद्ध करून टॉयलेटला अन् एसीला परत वापरणार का. तोंडी "हो हो" नको, नकाशात ती टाकी कुठं दाखवलीय ते बोटानं दाखवायला सांगा. मी स्वतः सही केली असती ती पाणी नाहीतर रस्ता या मुद्द्यांवर, बाकी कशावर नाही.

आणखी एक. अडीच एकर म्हणजे साधारण 10,000 चौरस मीटर, त्यावर सात मजले म्हटलं की एकूण बांधकाम 20,000 चौरस मीटरच्या वर जायची शक्यता आहे. तसं झालं तर 2006 च्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरण मंजुरी लागते. यात जनसुनावणी नसते, लोक त्याची वाट बघत बसतात अन् ती होतच नाही, पण अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर बघायला मिळतो आणि त्यात पाणी किती, गाड्या किती, झाडं किती तोडणार हे कंपनीनं स्वतःच लिहून दिलेलं असतं. तो कागद मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचा. आणि बांधकाम 19,900 ला आणून थांबवलं असेल तर तेही लक्षात घ्या.

आवाजाचं सोपं आहे, रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 मर्यादा 45 डेसिबल, दिवसा 55. जनरेटर आणि एसीची मशीन तुमच्या बेडरूमच्या बाजूला न ठेवता मोठ्या रस्त्याच्या बाजूला ठेवा एवढं आत्ताच मागून घ्या. इमारत झाल्यावर मशीन हलवायला कोणी तयार होत नाही. पार्किंगचं पण तसंच, नकाशात तळघरात दाखवतात आणि नंतर तिथं सर्व्हर रूम नाहीतर कॅन्टीन होतं, म्हणून भोगवटा प्रमाणपत्र द्यायच्या आधी पाहणी करा असं पत्र आत्तापासूनच फाईलला लावून ठेवा.

हायकोर्टात जाऊ म्हणणारे पण असतील, खंडपीठ आपल्याच शहरात आहे त्यामुळं प्रत्येकाच्या ओळखीत एक वकील असतोच. आरक्षण किंवा ओपन स्पेसची भानगड सापडली तर जरूर जा. नुस्तं "आम्हाला त्रास होईल" एवढ्यावर जाल तर वर्गणी संपेल, स्टे मिळणं अवघड.

मीटिंग कशी घ्यावी ते विचारलंय तुम्ही. भाडेकरूंना बोलवा. आपल्याकडं प्लॉटमालक तेवढेच खुर्चीवर, आणि बोळातल्या टँकरच्या मागं रोज स्कुटी घेऊन थांबणार असते ती भाड्यानं राहणारी नर्स किंवा मास्तरीण, तिला कुणी विचारत नाही. पोरापोरींना पण बोलवा, ज्यांच्या नोकरीच्या नावानं भांडण चाललंय त्यातला एकही तिथं नसतो. आधी नकाशा भिंतीला लावा, मग बोलायला सुरुवात, आणि ज्यांना प्लॉटच्या व्यवहारात कमिशन आहे त्यांनी तसं सांगून बोलावं. हे शेवटचं सांगायला धाडस लागतं, पण प्रत्येक कॉलनीत एक दोन जण असतातच, आणि सगळ्यांना माहीत पण असतं कोण ते. नगरसेवकाला बोलवायचं तर नकाशा हातात आल्यावर बोलवा. एप्रिल 2020 नंतर कितीतरी वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडं, त्यामुळं लोकांना आता कुणाला काय विचारायचं ही सवयच राहिली नाही, मोघम बोलवलं की तो येऊन दोन्ही गटांना "मी तुमच्या पाठीशी आहे" म्हणून जातो.

माझं मत विचाराल तर प्लॉट साधा रहिवासी असेल, रस्ता जागेवर पण खरंच चाळीस फुटाच्या वर असेल, आतलं गेट नसेल आणि पाण्याचं लेखी मिळत असेल तर येऊ द्या ऑफिस. यातलं पाणी किंवा रस्ता बसत नसेल तर मी विरोधातल्या काकांच्या बाजूला बसेन, पण त्यांच्या निवेदनात "परप्रांतीय", "संस्कृती" वगैरे जे लिहिलंय असं तुम्ही म्हणताय ते खोडून, तिथं गट नंबर आणि रस्त्याची रुंदी लिहून.

रविवारच्या आत भाग नकाशा मिळाला नाही तर मीटिंग पंधरा दिवस पुढं ढकला, बांधकाम काही पंधरा दिवसात उभं राहत नाही. मिळाला तर आराखड्यातली रुंदी आणि टेप लावून मोजलेली जागेवरची रुंदी दोन्ही खाली कमेंटमध्ये टाका, मी बघून सांगतो. आणि टेप लावताना समोरच्या लाईनीतला एकजण सोबत घ्या, नाहीतर मोजणीवरून परत भांडण.